कीबोर्ड कुणाच्या हातात आहे?

ताई, नमस्कार. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. मार्क चांगले आहेत, आतापर्यंत एकही विषय राहिलेला नाही. पण खरं सांगायचं तर मला कोडिंग येत नाही. प्रॅक्टिकलच्या स्लिपा पाठ करून जाते. यूट्यूबवर बघताना सगळं कळतं, पण व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मागच्या महिन्यात कॅम्पस मुलाखतीत 'प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय केलं?' असं विचारलं. रिपोर्ट आणि पीपीटी माझी होती, कोड एका मित्राने चॅटजीपीटीकडून करून घेतला होता. मी गप्प बसले. वर्गातली मुलं लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवरचे किती प्रश्न सुटले ते स्टेटसला टाकतात, ते बघून आणखी खचायला होतं. वडिलांचं गावात दूध संकलन केंद्र आहे, सुट्टीत मी तिथं वही लिहिते. ते म्हणतात, पुण्याला क्लास लाव, चाळीस हजार भरतो. क्लास लावू, की हे क्षेत्र माझं नाहीच असं समजून बँकेच्या परीक्षांच्या मागे लागू?
– एक विद्यार्थिनी, जि. अहिल्यानगर

तुझ्या पत्रात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, पण तुझ्या ती लक्षात आलेली दिसत नाही. स्लिपेवरचा प्रोग्रॅम सिनिअरच्या जर्नलमधला. प्रोजेक्टचा कोड मित्राचा, म्हणजे खरं तर चॅटजीपीटीचा. व्हिडिओत टाइप करणारा कुणी तिसराच. मग या तीन वर्षांत कीबोर्ड तुझ्या हातात होता कधी? 'मला कोडिंग येत नाही' हा निकाल तू परीक्षेला न बसताच लावून टाकला आहेस.

आपल्याकडच्या लॅबमध्ये काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. एका मशीनवर दोघं-तिघं. त्यातला एकजण पहिल्याच दिवशी खुर्ची धरतो आणि शेवटच्या प्रॅक्टिकलपर्यंत सोडत नाही. बाकीचे मागे उभे राहून 'सेमीकोलन राहिला बघ' म्हणतात आणि आपल्यालाही येतंय असं समजतात. हात मात्र एकाचाच बसतो. मुलींच्या बाबतीत तर हे आधीच ठरल्यासारखं असतं. 'तू नीटनेटकं करतेस, तू रिपोर्ट कर' असं गोड बोलून प्रोजेक्टमधलं शिकण्यासारखं काम दुसरीकडे जातं, आणि वर त्याला कौतुक म्हणतात. मी मुलाखती घेते तेव्हा गटातल्या मुलीने 'डॉक्युमेंटेशन माझ्याकडे होतं' असं सांगितलं की मला तिचा नाही, त्या गटाचा राग येतो. आणि मार्गदर्शक सरांचा त्याहून जास्त.

तेव्हा औषध एकच. कीबोर्ड स्वतःकडे घे. तो घेतल्यावर करायचं काय, हे जरा सविस्तर सांगते, कारण 'प्रॅक्टिस कर' हा सल्ला तू शंभर वेळा ऐकला असशील आणि त्याने कुणाचं काहीच होत नाही.

कोऱ्या फाइलपुढे काही सुचत नाही, कारण तुझ्याकडे प्रश्नच नसतो. 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' हा तुझा प्रश्न नाही. ग्रंथालयातून पुस्तक देताना नेमकं काय बिनसतं ते तुला माहीत नाही, मग प्रोग्रॅमने काय करावं हे कसं सुचेल? दुधाचं बिनसतं ते मात्र तू वहीत रोज बघतेस. सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकावरून भाव, दहा दिवसांनी बिल, त्यातून उचल आणि पेंडीचे पैसे वजा. कुठला आकडा चुकला की कोण भांडायला येतं हेही तुला माहीत असणार. एवढं जाणणारी व्यक्ती सॉफ्टवेअर कंपन्या मुद्दाम शोधतात. तुझ्या पत्रात हे शेवटी, सहज म्हणून आलंय. मी असते तर त्यानेच सुरुवात केली असती.

पायथन ही भाषा घे. पहिल्या दिवशी डेटाबेस नको, वेबसाइट नको, लॉगिन तर मुळीच नको. चारच ओळी. लिटर विचार, भाव ३६ धर, गुणाकार कर, छाप. लिटरला ५ टाक. तुझी अपेक्षा १८० ची असेल. पडद्यावर पाचाचा आकडा ओळीने छत्तीस वेळा छापलेला दिसेल.

इथेच थांब. चॅटजीपीटी उघडू नकोस, मैत्रिणीला फोन करू नकोस. एरर आलेली नाही, प्रोग्रॅम आनंदाने चालला आणि साफ चुकीचं उत्तर देऊन मोकळा झाला. असं का? इनपुटमधून आलेली गोष्ट पायथनच्या लेखी आकडा नसते, अक्षरं असतात. अक्षराला ३६ ने गुणलं की ते अक्षर ३६ वेळा मिळतं. हे तू दुसऱ्या वर्षी 'डेटा टाइप्स'च्या उत्तरात पाच मार्कांसाठी लिहिलेलं आहेस. आता ते तुझ्यासमोर घडलं, पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

मग तू इनपुटला इंट लावशील, म्हणजे अक्षरांचा पूर्णांक करशील. ५ ला १८० येतील. खूश होऊन ५.५ टाकशील आणि लाल अक्षरांचा ढिगारा येईल. त्याला ट्रेसबॅक म्हणतात. पळून जाऊ नकोस, तो खालून वर वाचायचा असतो. पहिल्याच ओळीत 'मोस्ट रीसेन्ट कॉल लास्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे सगळ्यात ताजी भानगड सगळ्यात खाली. शेवटच्या ओळीत 'व्हॅल्यूएरर' आणि तू टाकलेला ५.५ अवतरणात दिसेल. त्याच्या जरा वर तुझ्या फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. काय बिघडलं, कुठे बिघडलं, कशामुळे बिघडलं, तिन्ही उत्तरं त्या ढिगाऱ्यात आहेत. जी मुलं 'एरर आली' एवढंच सांगतात आणि जी 'अमुक ओळीवर व्हॅल्यूएरर आली, कारण दशांश आला' असं सांगतात, त्यांच्यातला फरक हुशारीचा नसतो. एकाने शेवटची ओळ वाचली, दुसऱ्याने नाही.

इंटच्या जागी फ्लोट, म्हणजे दशांश चालणारा आकडा, आला की ५.५ चालेल. गंमत म्हणजे देवनागरी आकडे टाइप केलेस तरी पायथन निमूटपणे घेतो, करून बघ. पण फ्लोट आला की दुसरं दुखणं येतं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज छापून बघ. ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि त्यांच्या शेवटी एक ४ चिकटलेला दिसेल. संगणक दशांश अपूर्णांक आतून दोनाच्या घातांत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. 'राउंड' वापरून सुटशील असं वाटेल, तर राउंडला २.५ दे. तो २ म्हणेल. ३.५ दिलेस तर ४. नेमकं मधोमध आलं की पायथन सम आकड्याकडे झुकतो. याला कारणं आहेत, पण दुधाच्या बिलात एखाद्या शेतकऱ्याचा रुपया दर वेळी खाली गेला तर तो तुला पायथनचे नियम विचारणार नाही, वडिलांना विचारेल. म्हणून हिशोब रुपयांत न ठेवता पैशांत ठेव, पूर्णांकात, आणि छापताना शंभराने भाग. फॅटही ३.५ न ठेवता ३५ ठेव. दरपत्रक शोधताना त्याचा फार उपयोग होतो, कारण डिक्शनरीत (किल्ली दिली की तिच्यासमोरची किंमत काढून देणारी पायथनची सोय) किल्ली म्हणून पूर्णांक कधी दगा देत नाही.

बघ, चार ओळींच्या प्रोग्रॅममधून डेटा टाइप, एरर हाताळणं, फ्लोटिंग पॉइंट आणि डिक्शनरी निघाली. पुढे फाइलमधून वाचायचं आलं की सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या नोंदींची साधी फाइल, येईल, तोच कोड तीनदा लिहून कंटाळा आला की फंक्शन येईल, दोनशे उत्पादकांची नावं झाली की एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस येईल. हा क्रम अभ्यासक्रमात नाही, पण यात प्रत्येक गोष्ट गरज पडल्यावर येते, म्हणून लक्षात राहते.

आणि तुझ्याकडे एक अशी वस्तू आहे जी चाळीस हजारांच्या क्लासमध्ये मिळत नाही: जुन्या वह्या. मागच्या दहा दिवसांचं हाताने केलेलं, शेतकऱ्याने मान्य केलेलं बिल हा तयार टेस्ट केस आहे. तुझ्या प्रोग्रॅमला तीच लिटरं आणि तेच फॅट दे. उत्तर पैशासकट जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर दोनच शक्यता, प्रोग्रॅम चुकला किंवा वही चुकली. वही चुकलेली निघाली तर वडिलांना जरा बेतानेच सांग.

आता कॉलेजबद्दल थोडं, कारण सगळा दोष तुझ्यावर घेऊन चालणार नाही. तुमच्याकडे सी++ साठी अजून टर्बो सी++ हा जुना कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) असेल तर आश्चर्य वाटायला नको. निळा पडदा, क्लिअरस्क्रीन, शेवटी गेटसीएच. तो कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे आणि सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं १९९८ मध्ये. म्हणून तिथला पाठ केलेला प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर आजच्या कंपायलरला दिला की पहिल्याच ओळीवर 'आयओस्ट्रीम डॉट एच' सापडत नाही म्हणून अडतो, पुढे 'व्हॉइड मेन'वर अडतो, आणि बिचारा विद्यार्थी समजतो की आपल्याला जमत नाही. शिवाय टर्बोतला इंट १६ बिटांचा. ३२,७६७ च्या वर गेलं की आकडा फिरतो. तुमच्या केंद्राचं दहा दिवसांचं बिल ४०,००० झालं तर तो उणे २५,५३६ दाखवेल, म्हणजे उत्पादकांनीच उलट डेअरीला पैसे द्यायचे!

हसू नकोस, याच जातीची चूक मोठमोठ्यांकडून झालेली आहे. जावा या भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधायची पद्धत) मधला क्रमांक काढण्यासाठी खालचा आणि वरचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचे. यादी अफाट मोठी झाली की ती बेरीजच इंटच्या बाहेर जायची आणि क्रमांक उणे निघायचा. ही चूक जवळजवळ नऊ वर्षं तिथं होती, आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच ती जाहीरपणे मांडली. तो कोड त्यांनीच लिहिलेला होता. तुझ्या स्लिपेवरसुद्धा बायनरी सर्च असेलच. तो पाठ केलेला प्रोग्रॅम उघड आणि ती ओळ कशी लिहिली आहे ते बघ.

इंग्रजीचा बाऊ करू नकोस. एरर मेसेजची भाषा ठरलेली असते, शंभरेक शब्द फिरून फिरून येतात. एक वही कर आणि आलेली प्रत्येक एरर, तिचं कारण आणि उपाय मराठीत लिहून ठेव. मनातल्या मनात मराठीत विचार केला म्हणून लूप कमी फिरत नाही. समजावून घ्यायला मराठीतलं काही हवंच असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. फुकट आहे, आणि त्यातले अनेक धडे मराठी आवाजात आहेत. धडे छोटे असतात आणि थांबवून थांबवून सोबत टाइप करण्यासाठीच बनवलेले आहेत. तसेच बघायचे. नुसते बघितलेस तर पुन्हा यूट्यूबसारखंच होईल.

चॅटजीपीटी सोड असं मी म्हणणार नाही. आम्हीही कामात अशी साधनं वापरतो, आणि उद्या नोकरीत तुलाही वापरावी लागतील. पण शिकत असताना त्याला कोड मागू नकोस. आधी स्वतः मोडकंतोडकं लिही, अडलीस की तो कोड दाखव आणि म्हण, 'दुरुस्त करू नकोस, कुठे बघू तेवढं सांग.' त्याने तरीही पूर्ण उत्तर ओकलंच, आणि ते ओकतंच, तर वाच, खिडकी बंद कर आणि आपल्या हाताने पुन्हा लिही. लिहिता आलं नाही तर समजलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. कधीकधी ते ठाम आवाजात चुकीचंही सांगतं. तुझ्याकडे वह्या आहेत, तपासून घे.

गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन, मात्र पहिल्याच आठवड्यात शीक. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं, पण तुझा फायदा वेगळा आहे. 'आत्ता चालतंय, हात लावला तर बिघडेल' ही भीती त्याने जाते. बिघडलं तर कालच्या जागी परत येता येतं, मग प्रयोग करायला हात धजावतो. नाहीतर फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल टू' आणि 'फायनल खरंच' अशा फाइल साठत जातात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकताना एक सांभाळ: उत्पादकांची खरी नावं, खाते क्रमांक, फोन नंबर तिथं जाता कामा नयेत. खोटी नावं घाल. मुलाखत घेणाऱ्याच्या हे लक्षात आलं तर त्याचेही तुला मार्क आहेत.

लीटकोडच्या स्टेटसकडे सध्या दुर्लक्ष कर. पूर्ण नाही, कारण प्लेसमेंटच्या ऑनलाइन टेस्टमध्ये तसेच प्रश्न येतात आणि ती टेस्ट पार केल्याशिवाय मुलाखतीपर्यंत कुणी पोचत नाही. पण किती प्रश्न सुटले यापेक्षा उत्तर न बघता किती सुटले हे विचारलं तर बरीच स्टेटस गायब होतील. सोप्या पातळीवरचे अ‍ॅरे, स्ट्रिंग आणि डिक्शनरीचे प्रश्न घे. आधी कागदावर ड्राय रन कर, प्रत्येक फेरीत कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते तक्ता आखून लिही, आणि मगच टाइप कर. अर्धा तास डोकं लावूनही सुटला नाही तर उत्तर बघायला काही हरकत नाही, फक्त तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा सोडव.

शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट अजून हातात असेल तर गटाला आजच सांग. भांडण नको, मागणी नेमकी ठेव. 'बिलाचं मॉड्यूल मी लिहिणार, या वेळी रिपोर्ट आपण वाटून घेऊ.' मुलं म्हणतील, वेळ कमी आहे, आम्ही पटकन करून टाकतो. तेव्हा गप्प बसू नकोस. गेल्या वेळी पटकन झालं त्याची किंमत मुलाखतीत कुणी मोजली हे तुला माहीत आहे. लॅबमध्येही तसंच. आळीपाळीने बसायचं ठरव, आणि कुणी खुर्ची सोडत नसेल तर मॅडमना सांगायला संकोच करू नकोस.

आणि ती मुलाखत. 'स्वतः काय केलं?' हा प्रश्न पुढच्या वेळी आला तर तुझ्याकडे सांगायला काय असेल बघ. 'आमच्या दूध संकलन केंद्राचं दहा दिवसांचं बिल मी पायथनमध्ये केलं. आधी फ्लोटमुळे पैशांत फरक यायचा, जुन्या वहीशी ताडून बघितल्यावर लक्षात आलं, मग सगळा हिशोब पैशांत नेला.' बस, एवढंच. मी समोर बसलेली असते तर पुढचे प्रश्न मी यावरच विचारले असते. दरपत्रक बदललं तर काय करशील? एकाच उत्पादकाची सकाळची नोंद दोनदा पडली तर? यांतलं काही येत नसेल तर 'हे केलेलं नाही, पण असं करून बघेन' असं म्हणून मोठ्याने विचार कर. बोलताना अडखळलीस तर चालेल. गप्प राहिलीस तर समोरच्याला तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळायला मार्ग नसतो.

बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत. तुला मनापासून तिकडे जायचं असेल तर खुशाल जा. पण आत्ता तू ज्या कारणासाठी तिकडे बघते आहेस ते कारण कच्चं आहे. हे बिलाचं काम पुढची दोन-तीन बिलं निघेपर्यंत चालव. त्यात रमलीस तर प्रश्नच मिटला. एरर शोधायचा कंटाळा आला पण वहीतल्या चुका हुडकायला मजा आली, तर टेस्टिंग आहे, डेटाचं काम आहे. दोन्हीचा वीट आला तर मग बँक, आणि तेव्हा तो निर्णय घाबरून घेतलेला नसेल.

राहिला क्लास. तोपर्यंत चाळीस हजार वडिलांच्या खात्यातच राहू देत. त्यानंतरही लावावासा वाटला तर डेमो लेक्चरला बसून तीन गोष्टी विचार. रोज मी स्वतः किती वेळ टाइप करणार? माझा कोड ओळीने वाचून चुका दाखवणारं कुणी आहे का, की फक्त प्रोजेक्टरवर दाखवणार? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का, आणि ते कागदावर लिहून देणार का? या तिन्हींच्या उत्तरादाखल 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं माहितीपत्रक हातात ठेवलं, तर त्यांचा चहा पी आणि संध्याकाळच्या एसटीने घरी ये.